'बहुधा' भाऊजींचा पतंग

आमच्या भाऊजींना घरात सगळे 'बहुधा' म्हणायचे. भाजीत मीठ आहे का विचारलं तरी उत्तर, "बहुधा आहे." पानं गुंडाळणाऱ्या अळ्यांचे पतंग ओळखायचे आणि नव्यांना नावं द्यायची, या कामात संग्रहालयात त्यांचा जन्म गेला. हे पतंग नखाएवढे, मळकट. पंखांवर विसंबलं की फसगत ठरलेली. खरी ओळख पोटाच्या टोकाला. ते पोट काढून कॉस्टिक सोड्यात उकळायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, मगच नाव उच्चारायचं. घरात भाडेकरू ठेवतानाही लोक एवढी चौकशी करत नाहीत!

अंथरुणाला खिळण्याआधी जाऊबाईंनी कुंडीतल्या लिंबाची काही गुंडाळलेली पानं बरणीत ठेवली होती. त्यांतून एक पतंग निघाला. त्याच्या पंखांवरची नक्षी बघताना भाऊजींचा चहा गार झाला. "बहुधा नवा आहे," ते म्हणाले. नवा ठरला तर त्याला जाऊबाईंचं नाव द्यायचं, आणि एकदा छापून आलं की ते कायमचं.

जाऊबाईंचं दुखणं डोक्यातलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आज कोण येऊन गेलं ते त्यांना संध्याकाळी आठवत नसे, पण पतंग पक्का लक्षात होता. रोज सकाळी पहिला प्रश्न, "छापून आलं का हो?"

अखेर भाऊजींनी पतंगाचं पोट उकळलं. संध्याकाळी घरी आले ते चपला न काढताच बसले.

"पोट दुसऱ्याचंच आहे, वहिनी. लिंबावरच्या नेहमीच्या पतंगाचं."

"असं कसं होईल?"

"मागे टाचलेल्या पतंगांचा डबा हलवताना दोन पतंगांची पोटं गळून पडली होती. एक शाबूत होतं, एकाचा भुगा झाला होता. शाबूत तेच हिच्या पतंगाचं, असं धरून मी डिंकानं चिकटवलं."

"आणि भुगा?"

"फुंकर मारून उडवला."

मला संताप आला. जन्मभर मिठाची खात्री न देणारा माणूस नेमका तिथेच कसा निःशंक झाला? पण त्यांचं तोंड बघून मी चहा टाकायला उठले. नुसत्या पंखांवर नाव देता येत नव्हतं. कुंडीतलं गुंडाळलेलं पान न् पान त्यांनी आणून बरणीत ठेवलं. निघाले ते सगळे नेहमीचेच. मला भयंकर हतबल वाटलं.

शेवटी त्यांनी धीर करून जाऊबाईंना सगळं सांगितलं.

"फुंकर कुणी मारली?"

"मीच."

"जरा हळू मारायची," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळून रडल्या. भाऊजी त्यांचे पाय चेपत बसले.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा जाऊबाई प्रसन्न दिसत होत्या. कालचं काहीच उरलं नव्हतं.

"छापून आलं का हो?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं.

"आलं," ते म्हणाले. बहुधासुद्धा म्हणाले नाहीत.