विल्डा प्रुएटच्या बाह्या

आमच्या गल्लीत असं पसरलंय, की विल्डा प्रुएटने हार्लन बिग्जला धावत्या गाडीवरून लाथ मारून खाली पाडलं आणि त्याच्या डोक्यावरचा केसांचा टोप दातांनी फाडला. सकाळी केस कापायच्या दुकानात मी ही गोष्ट ऐकली, तेव्हा नुसती लाथ होती. संध्याकाळी औषधांच्या दुकानातल्या सोड्याच्या काउंटरपाशी पोचेपर्यंत तिला दात आले होते.

तर आता मी बोलते, कारण मी तिथे होते. आमच्या व्हॅलीतल्या, म्हणजे स्टुडिओंजवळच्या या खोऱ्यातल्या, अर्ध्या बायका सिनेमाच्या गर्दीत उभं राहायला जातात, तशी मीही जाते. हार्लन पडला तेव्हा मी मागच्या छपराच्या गाडीत, टोपडं बांधून, पश्चिमेकडे निघालेली विधवा म्हणून बसले होते. आणि विल्डा तिथून कितीतरी मैलांवर, आपल्या अंगणात घोड्याच्या खुरातले खडे काढत होती. हार्लनला पाडलं ते परकराने. टोप कुणी फाडला नाही. तो कुत्र्याने नेला. पण ज्यांना विल्डाच्या नावाने बोटं मोडायची आहेत, त्यांना परकर आणि कुत्रा कशाला हवा?

विल्डा माझ्या कुंपणापलीकडे राहते. ओक्लाहोमाची. घोड्यांच्या खेळांबरोबर गावोगाव हिंडत इथे आली आणि सिनेमात नट्यांच्या जागी पडायला लागली. तिच्याकडे दोन घोडे आहेत. एकाचं नाव सेनेटर, कारण त्याला कामाला लावणं अजून कुणाला जमलेलं नाही. कॉफीचा कप ती दोन्ही हातांनी धरते, तो काही थंडी वाजते म्हणून नाही. तिचं उजवं कोपर सरळ होत नाही. नवी माणसं हात मिळवायला पुढे होतात, तिचा हात अर्ध्यावर थांबतो, आणि मग ती माणसं मला येऊन सांगतात, "तुमची शेजारीण जरा शिष्ट आहे, नाही?" शिष्ट! जिन्यावरून एवढ्या वेळा गडगडल्यावर शिष्टपणा अंगात राहायला जागा तरी उरते का?

पडद्यावर आमची मोठी नटी मार्सेला ड्रेक घोड्यावरून पडते, कड्यावरून नदीत जाते, जळत्या गोठ्याच्या माडीवरून खाली येते, ती सगळी विल्डा असते. मार्सेला येते ती नंतर, गालाला चार बोटं काजळी लावून, डोळे मोठे करून. मार्सेलाला मी नावं ठेवणार नाही. बाई मनाने चांगली आहे, दर नाताळला विल्डाकडे डुकराच्या मांडीचं मोठं हॅम पाठवते. हॅम खाऊन हाडं जुळत असती, तर विल्डा आज तारेवरून चालली असती.

आता मुद्द्याचं. नटाच्या जागी जो गडी पडतो, तो विजारीच्या आत गुडघ्यांना, मांड्यांना, कोटाच्या आत कोपरांना, खांद्यांना जाड गाद्या बांधतो. वरून कोट, बूट, हातमोजे. मग पडतो. त्यात कमीपणा कुणी मानत नाही, आणि का मानावा? पण नटीच्या जागी पडणाऱ्या बाईने नटी जे घालते त्यातच पडायचं. आणि मार्सेला ड्रेक काय घालते? मार्सेलाचे हात. स्टुडिओने तिच्या हातांची अशी काही जाहिरात करून ठेवली आहे, की झगा कुठल्याही काळातला असो, बाह्या म्हणून नाहीत. एका चित्रात ती अलास्कात होती. अलास्कात! बाकीचे सगळे अस्वलासारखे गुंडाळलेले, आणि ही खांद्यापासून उघडी.

विल्डा दर चित्राला मागायची. "कोपरापर्यंत तरी द्या. आत पातळशी गादी बसेल एवढीच." दर चित्राला उत्तर तेच, "लोक हातांचं तिकीट काढतात, विल्डा." एका चित्रात दगडी बांधावरून लोळताना तिच्या कोपराचं हाड बाहेर आलं. कॅमेऱ्यामागच्या सगळ्यांनी ते पाहिलं. एकाने तोंड फिरवलं, एकाला ओकारी आली. कपडेखात्याने झगा धुवून घेतला. बाही? बाहीचं नावही कुणी काढलं नाही.

या वर्षीच्या चित्रात मोठी उडी होती. सैराट पळणारी छपराची गाडी, वर मार्सेला एकटी, आणि तिने पुढच्या घोड्याच्या पाठीवर उडी मारून गाडी थांबवायची. ती उडी विल्डाला कबूल झाली होती. विल्डा आता चाळिशीच्या पुढे गेली आहे, आणि ही उडी तिला काहीही करून हवी होती. का, तेही सांगते. बाईची मोठी उडी एकदा गड्याला झगा आणि टोप घालून मारायला लावली, की पुढच्या चित्रातल्या लहान उड्याही त्याच्याच मागे जातात. मग बाईला कुणी बोलवत नाही, कळवतही नाही. आमच्या व्हॅलीत अशा तीन बायका मला ठाऊक आहेत. एक आता संत्र्याच्या बागेत पेट्या भरते.

कपड्याचं माप द्यायला गेली, तेव्हा विल्डाने नेहमीप्रमाणे बाही मागितली. दिग्दर्शक मिस्टर कॉर्विन तिथेच बसले होते. घरात बायकोने मीठ मागितलं तरी "विचार करतो" म्हणणारा माणूस, पण इथे लगेच म्हणाले, "विल्डा, राणी, दर वेळी तेच रडगाणं. हार्लनला विचारलं तर तो वाद घालत नाही."

"मग विचारा हार्लनला," विल्डा म्हणाली.

आणि त्यांनी खरंच विचारलं.

हार्लन बिग्ज नटांच्या जागी पडतो, तसा वाईट माणूस नाही. संध्याकाळी टोपी हातात घेऊन कुंपणाशी आला. मी माझ्या टोमॅटोंना पाणी घालत होते. ते घालून झालं होतं, पण मी परत घातलं.

"विल्डा, त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. पोरांचे बूट फाटलेत गं."

"तुला कोण काय म्हणतंय?" विल्डा म्हणाली. "झग्याची बटणं मागून लागतात, तेवढं ध्यानात ठेव. आणि परकराची कड मागून उचलून गुडघ्यांना फितीने बांधायची. नाहीतर उडी मारताना तो अडकतो."

"अगं, मी जन्मभर पडतोय!"

"विजारीत पडतोयस."

तो हसला. मीही हसले, पण टोमॅटोंकडे बघून.

पुढचा भाग मला कपडेखात्यातल्या शिंपिणीकडून कळला आणि मी तसाच विल्डाला नेऊन दिला. हार्लनला झगा घालून आरशासमोर उभं केलं. हार्लनचे हात म्हणजे काय सांगू, दोन्ही हातांवर काळ्या केसांचं गवत, आणि डाव्या हातावर निळा नांगर गोंदलेला, खाली कुणा मेबेलचं नाव. त्याची बायको मेबेल नाही, पण ती वेगळी गोष्ट. मिस्टर कॉर्विननी एक नजर टाकली आणि ओरडले, "बाह्या! ताबडतोब!" दुपारच्या जेवणाआधी मनगटापर्यंत बाह्या शिवून तयार. गळासुद्धा वर घेतला. आणि बाह्या आहेतच म्हटल्यावर हार्लनने आत गाद्याही बसवून घेतल्या. उडीनंतरच्या दिवशी मार्सेलाचे कॅमेरा जवळ नेऊन घ्यायचे तुकडे तशाच झग्यात व्हायचे होते, म्हणून तिच्या झग्यालाही बाह्या लागल्या.

विल्डा सेनेटरला चारा घालत होती. हातातली बादली तिने खाली ठेवली.

"जेवणाआधी?"

"जेवणाआधी."

"मार्सेलाच्या झग्यालासुद्धा?"

"तिच्यासुद्धा."

मला वाटलं, आता शिव्या. ओक्लाहोमाच्या शिव्या ऐकण्यासारख्या असतात, मी तयारीत होते. पण ती उजवं कोपर चोळत नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "गड्याचे केस. अगं, गड्याचे केस दिसतात म्हणून!" आणि बादलीला अशी लाथ घातली, की ती माझ्या भोपळ्यांत येऊन पडली. गल्लीवाल्यांना लाथ हवी होती ना? ही घ्या. एवढीच होती, आणि ती बादलीला बसली.

उडीच्या दिवशी चॅट्सवर्थच्या डोंगरात धूळ आणि ऊन. हार्लन झग्यात आला तेव्हा गाडीवानांनी शिट्ट्या मारल्या. एक म्हणाला, "बाईसाहेब, आज नाचायला येणार का?" हार्लनने त्याला बायकांना न शोभणारं काहीतरी सांगितलं. गाडी सुटली. घोडे भरधाव. हार्लन उभा राहिला, एक पाय पुढे टाकला, आणि परकराची कड गाडीच्या लाकडी दांड्याला अडकली. आता विजारीत वाढलेला माणूस काय करतो? त्याने दोन्ही हातांनी परकर धरला आणि ओढला! उडी मारायच्या वेळी लगाम धरायला एकही हात मोकळा नाही. परकर सुटला, हार्लनही सुटला. धुळीत दोन कोलांट्या खाऊन पडला तो, हातांना ओरखडाही नाही, गाद्या होत्या ना, पण घोटा टरबुजासारखा सुजला. टोप उडाला तो कुणाच्यातरी कुत्र्याने उचलला आणि टेकडीमागे पळाला. मी विधवा असून हसले, त्याबद्दल मला नंतर बोलणी बसली.

ऊन उतरायला लागलं होतं. गाड्या, घोडे, माणसं, सगळं भाड्याचं, त्याच दिवसापुरतं. विल्डाला आणायला मोटार धाडली. ती आली, घरच्याच कपड्यांत, खुरातले खडे काढायचं आकडेवजा हत्यार मागच्या खिशात खुपसलेलं. हार्लन झाडाखाली पाय वर करून पडला होता. ती आधी त्याच्याकडे गेली.

"बांधली होतीस का फीत?"

"नाही," हार्लन म्हणाला. "बोल आता काय बोलायचं ते."

"बूट काढ आधी. नाहीतर कापून काढावा लागेल." तिने स्वतःच ओढून काढला. हार्लन केकाटला.

मिस्टर कॉर्विन लगबगीने आले. चेहऱ्यावर लोणी. "विल्डा, राणी, देवासारखी धावून आलीस!" विल्डाने झगा घातला. हार्लनच्या मापाचा, तिला ढगळ. शिंपिणीने मागून टाचण्या मारल्या. बाह्यांतल्या गाद्या तिने आपल्या कोपरांवर नीट बसवल्या. आणि मी तिच्याकडे बघत होते म्हणून सांगते: ती हात वाकवत होती, होईल तेवढा सरळ करत होती, परत वाकवत होती, नवे बूट मिळाल्यावर माणूस उगाच चार पावलं चालून बघतो तशी.

तेवढ्यात मिस्टर कॉर्विनच्या डोक्यात प्रकाश पडला. आता गडी नाही, बाई आहे, म्हणजे केस नाहीत, नांगर नाही, मेबेल नाही. मग बाह्या कशाला? मार्सेला कालपासून कुरकुरत होती, जाहिरातवाले तर डोकं धरून बसले होते. त्यांनी शिंपिणीला कात्री आणायला सांगितली.

त्यावर विल्डा जे बोलली ते शेवटी सांगते. आधी उडीचं सांगून टाकते, नाहीतर ते ऐकल्यावर उडीकडे कुणाचं लक्ष राहायचं नाही.

उडी झाली. बाह्यांसकट. परकराची कड मागून गुडघ्यांना बांधलेली. गाडी आमच्या शेजारून गेली तेव्हा मला फक्त तिची पाठ दिसली, आणि मग ती गाडीवर नव्हती, पुढच्या घोड्यावर होती. घोड्याने मान झटकली, ती घसरली, उजवं कोपर जोखडाच्या लाकडावर थाडकन आपटलं. तो आवाज मागच्या गाडीत आम्हाला ऐकू आला. हात सुटला नाही. गाडी थांबली. एकदाच केली, परत करावी लागली नाही. ती उतरली, बाही वर करून कोपर पाहिलं, आणि बाही परत खाली केली. शिंपीण रडत होती, त्याला काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मार्सेलाला त्या उन्हात मनगटापर्यंतच्या बाह्यांत आपले तुकडे द्यावे लागले. चित्र लागलं तेव्हा मासिकांत छापून आलं, की मार्सेला ड्रेकने ती उडी स्वतः मारली आणि त्या नव्या बाह्याही तिचीच कल्पना. आता आमच्या गल्लीतल्या पोरी तशा बाह्या शिवून घेतायत, आणि त्याच पोरींच्या आया सोड्याच्या काउंटरपाशी बसून विल्डाने हार्लनला लाथ मारली म्हणून सांगतायत! हाडं मोडून घेतली जिने, तिच्या वाट्याला लाथ. चार बोटं काजळी लावली जिने, तिच्या वाट्याला बाह्या. हार्लन स्वतः लंगडत दुकानादुकानांत जाऊन खरं काय ते सांगतोय, पण टोप घालून पडलेल्या माणसाचं कोण ऐकतो? आणि मिस्टर कॉर्विनच्या पुढच्या चित्रात बाईच्या उडीला गडी ठरलाच आहे, दुसरा, कमी केसांचा. विल्डाला त्यांनी बोलावलेलं नाही. दुसऱ्या एका स्टुडिओने बोलावलं. तिने जाण्याआधी एकच गोष्ट विचारली, आणि त्यांनी हो म्हटलं, म्हणून गेली. ती कुठली, ते सांगायला नको.

तर ती कात्री. शिंपीण ती हातात घेऊन उभी, पुढे येत नव्हती. मिस्टर कॉर्विन हसत म्हणाले, "विल्डा, राणी, त्या बाह्या हार्लनसाठी होत्या. तुझे हात काय वाईट आहेत? दोन मिनिटांत उसवून होतील."

विल्डा म्हणाली, "मिस्टर कॉर्विन, हार्लनचे केस दिसले तेव्हा तुम्हाला जेवणाआधी बाह्या सुचल्या. माझं हाड दिसलं तेव्हा नाही सुचल्या. उसवायच्याच असतील तर आधी स्वतःच्या कोटाच्या उसवा, आणि त्या गाडीवर तुम्ही चढा."