क्योटोतले धपाटे

नांदेडच्या आमच्या कॉलेजातले हेडक्लार्क डबा उघडला की आधी हाक मारतात, "या जेवायला!" दाखल्यासाठी खिडकीशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. त्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मी रोज "झालं माझं" म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करून जेवतो.

या चैतात ते लेकीकडे जपानला, क्योटोला जाऊन आले. काय काय पाहिलं, विचारलं तर म्हणाले, "सकाळी देवळं पाहिली की. पण दुपारचं ऐका. नदीकाठी झाडं नुसती फुलून राहिली होती. खाली चादरी टाकून लोक जेवत होते. म्या धपाटे काढले अन् शेजारच्या म्हाताऱ्याला हातानं खुणावलं, 'या जेवाया!' लेक म्हणली, 'बाबा, इथं असं बोलवत न्हाईत.' तवर म्हातारा बायकोला अन् आपला डबा घेऊन आमच्या चादरीवर आला बी."

लेक तिथं दोन वर्षं एकटीच जेवत होती. आता ती म्हातारी तिला दर रविवारी जेवायला बोलावते.

काल मी माझा डबा उचलून त्यांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी खुर्ची सरकवली.

"लई येळ लावला की ओ, सर."