लिफ्टमनचे सहा आठवडे

आमचे हे एकतीस वर्षं एकाच इमारतीत लिफ्टमन आहेत. सात मजले, एक स्टूल, एक पंखा आणि जाळीचं दार. लोक चढतात, उतरतात; हे तिथेच. लघवीला तळघरात जावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच कोणीतरी घंटा वाजवतो. म्हणून यांनी तोडगा काढला: पाणीच प्यायचं नाही. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच परत. मी म्हणायची, "बाटलीला रोज फिरवून आणता का?"

यांच्या सदुसष्टाव्या वर्षी इमारतीत तपासणीचं शिबिर झालं. यांनीही रक्त दिलं. कागद आला, त्यात प्रोस्टेटच्या तपासणीपुढे अकरा आणि शेजारी वर तोंड केलेला बाण. चारच्या आत हवं म्हणे. एका साहेबाने लिफ्टमध्येच कागद वाचला, "काका, हा तर कॅन्सरचा आकडा," म्हणाला आणि पाचव्या मजल्यावर उतरून गेला. यांना कुठे उतरता येतंय?

घरी चकार शब्द नाही. आठवड्याने शर्ट धुवायला घेतला, तेव्हा खिशात कागद सापडला. मी चौथी शिकलेली. पण बाण कळायला तेवढं पुरतं.

"अहो, हे काय?"

"काही नाही. डॉक्टरकडे गेलो की संपलंच समज."

"आणि नाही गेलात तर दुखणं कंटाळून निघून जाणार का?"

नेलं ओढत. डॉक्टरबाई तरुण, पण शांत. त्यांनी विचारलं, "जळजळ होते?"

"थोडी. दोनेक महिने."

मी कपाळाला हात लावला. बाईंनी लघवी तपासली, तर जंतुसंसर्ग निघाला. म्हणाल्या, "याने आकडा चढतो. वयाने प्रोस्टेटची ग्रंथी वाढली तरी चढतो. कॅन्सरनेही चढतो. एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. आधी औषध घ्या, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त."

"म्हणजे आहे की नाही?"

"आज नाही सांगू शकत, काका."

ते सहा आठवडे दोघांनी कसे काढले, आमचं आम्हाला ठाऊक. हे औषध घेत, माझ्या धाकाने पाणी पीत आणि कॅलेंडरपुढे उभे राहत. मुलीचा फोन आला की "मजेत आहोत" म्हणत. त्यांच्या तोंडून "मजेत" ऐकलं की मला रडू यायचं.

दुसरा आकडा आला साडेसहा. उतरला, पण चारच्या आत नाही.

"मध्येच अडकलो गं," हे म्हणाले.

बाई म्हणाल्या, "आता एमआरआय करू. नळीसारख्या मशीनमध्ये अर्धा तास न हलता पडायचं. जमेल?"

"बाई, मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?"

हसले, पण टेबलाखाली माझा हात घट्ट धरलेला.

गुरुवारची तारीख मिळाली. रजेच्या अर्जावर यांनी कारण लिहिलं, 'घरगुती काम'. मी खोडायला लावलं.

"अगं, ऑफिसात सगळे वाचतील."

"वाचू देत. कोणी तुमच्यासारखाच पाणी न पिता बसला असेल, तो तरी उठेल."

यांनी पेन पुन्हा उचललं. मग लिहिलं, 'प्रोस्टेटची तपासणी'. अक्षर एवढं बारीक, की मला चष्मा लावून वाचावं लागलं.