कापसात हरवलेलं डांगर

आमच्या घरात हिवाळ्यातली सगळ्यात उबदार जागा कापसाला मिळायची, त्याखालोखालची बैलांना आणि उरलीसुरली मला.

गाव बार्शीटाकळीजवळचं. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या लाटसाहेबाच्या हाताखाली होतं आणि मी बायकोच्या. थंडी पडली की कामांना अंत नसायचा. वेचलेला कापूस माजघरात आणून ओता, बैलांवर पोती घाला, मिरचीची रोपं संध्याकाळी टोपल्यांखाली झाका, सकाळी पुन्हा उघडा. एवढं करून अंग टेकावं, तर बायको उशाशी उभी.

"अवो, डांगराचं बी उबेत ठेवा."

डांगर म्हणजे खरबूज (भोपळा समजू नका). बी भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधून घरातच मोड आणायचे आणि संक्रांतीनंतर नदीच्या रेतीत लावायचं. हे बी तिच्या माहेरचं, हिवरखेडचं. तिचे वडील वारले, भावानं वाडी मोडली आणि त्या गोडीचं बी एवढ्या एका पुरचुंडीत उरलं. खरं तर दुप्पट होतं. आदल्या वर्षी अर्धं मी चुलीजवळ ठेवून भाजून काढलं. (खमंग लागलं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.)

"आता तरी नीट ठेवसान नं?"

"ठेवतो नं बाप्पा."

पेंगत उठलो. चुलीचं नाव काढायची सोय नव्हती. कापसाच्या ढिगात हात घातला, तर आत काय ऊब! पुरचुंडी कोपरापर्यंत खुपसली आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन झोपलो.

दोन-तीन दिवसांत भाव चढल्याची बातमी आली. गाडी मीच भरली, कापूस पायांनी तुडवून तुडवून. अंग इतकं मोडून आलं होतं की डांगर हा शब्दसुद्धा आठवला नाही.

अकोल्याच्या बाजारात दलालानं कापूस पाहायला गाडीत हात घातला आणि ओली पुरचुंडी बाहेर काढली. वजन वाढवायला कापसावर पाणी मारणारे तेव्हा होतेच. माणसं जमली.

"कावून गा, पानी मारून आनला का कापूस?"

"नाही जी."

"मंग हे ओलं गाठोडं कोनाचं हाय?"

आता एवढ्या चारचौघांत 'बायकोच्या बियांना मोड आणून राहिलो' असं कसं सांगावं?

"मले काय मालूम? माह्यं नाही," मी म्हणालो.

त्यानं फडकं सोडलं. एकेका बीला पांढरा, टपोरा मोड. असे मोड मी जन्मात आणले नव्हते. पण एकदा माझं नाही म्हटल्यावर मागू कोणत्या तोंडानं?

"डांगर दिसते," दलाल म्हणाला. "लावतो आमच्या वाडीत." आणि पुरचुंडी त्याच्या खिशात गेली.

घरी बायको दारातच होती.

"कापूस गेला?"

"गेला."

"अन् बी कुठी ठेवलं?"

"थेबी गेलं."

ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. चुलीपुढे बसून काटक्या आत सारत म्हणाली, "बाबाचं तेवढंच होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डांगरं पिकायच्या दिवसांत मी दलालाच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं खरं सांगितलं. तो पोट धरधरून हसला, त्यानं घरातल्यांना बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. तेव्हा कुठे एक डांगर दिलं.

बायकोनं पहिली फोड तोंडात घातली आणि पदर डोळ्यांना लावला. मग एकूण एक बी धुऊन, राखेत घोळून, वाळवून ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात मी अंग टेकलं, तर ती पुन्हा उशाशी. तिनं माझा सदरा वर केला आणि गारढोण पुरचुंडी पोटावर ठेवून वरून जुनं धोतर गुंडाळलं. मी हुडहुडलो.

"अवं, कापसात ठेव नं."

"कापूस बजारात जाते," ती गाठ आवळत म्हणाली. "तुमाले कोन इकत घेते?"