राब मी पेटवला होता

मी गाव सोडलं त्या सकाळी हरसूलच्या स्टँडवर माझी वळकटी दादाच्या डोक्यावर होती. गावातली चार माणसं त्याच एसटीसाठी उभी होती, पण आमच्याशी कोणी बोललं नाही. आई एवढंच म्हणाली, "देव कोणाचा कोणताबी असू दे, भाऊ तुझा हाय." मी मान हलवली आणि खिडकीची जागा धरली.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या नाशकात येऊन राहिलेल्यांनो, लोक दादाशी का बोलत नव्हते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात गावदेवाचं गवती छप्पर जळालं. दादानं त्याच वर्षी बाप्तिस्मा घेऊन देवाला नारळ देणं बंद केलं होतं. "येशूवाल्यानंच लावली," असं ठरून गेलं. मी तेव्हा दादाबरोबर प्रार्थनेला जायचो आणि गावदेवाला नारळही द्यायचो. माझ्यावर कोणाचा संशय आला नाही.

आग माझ्या हातून लागली. भाताच्या रोपासाठी वाफ्यावर शेण-पाला पसरून राब भाजायचा तो सकाळी, वारा पडलेला असताना, भोवतीचं गवत काढून. आगीच्या दिवशी सकाळी मी नाशकातल्या द्वारका भागातल्या गोदामातल्या कामाचं बोलायला हरसूलला गेलो होतो. परत येऊन भर दुपारी काडी लावली. गवत तसंच होतं. वाऱ्यानं पेटता पाला देवाच्या छपरावर नेला. मी हातांनी विझवायला बघितलं, मग पळालो.

दादाच्या आवणीला कोणी जायचं नाही, असं गावानं ठरवलं. एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं लावणी करणारे आपण लोक. तीन पावसाळे दादा-वहिनी दोघंच चिखलात वाकली. मी इकडे ओव्हरटाइम करत होतो.

नाशकात मीही बाप्तिस्मा घेतला. चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली की मी दादाची गोष्ट सांगायचो. निरपराध माणसानं ख्रिस्तासारखं कसं सोसलं ते ऐकून बाया डोळे पुसायच्या. कितीतरी वर्षं सांगितली. राब कोणी पेटवला ते कधी सांगितलं नाही.

पुढे दादा डोळ्याच्या ऑपरेशनला आला, तेव्हा चर्चच्या पाळकांनी साक्षीला त्यालाच उभं केलं. तो म्हणाला, "सोसलं बिसलं काय नाय. लय राग यायचा. देवाशी भांडायचो. पन रोप थांबतंय व्हय? लावायलाच लागतं." सगळे हसले.

घरी आल्यावर मी विचारलं, "दादा, तुला ठाऊक होतं?"

"तुझ्या हाताच्या फोडांना पाला मीच बांधला ना, येड्या."

"मग गावाला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हनून थांबलो."

आणि तो चहा बशीत ओतू लागला. त्यानंतरही मी गप्पच राहिलो. हा माझा दुसरा गुन्हा, आणि तो पहिल्याहून मोठा.

दादा अजून हयात आहे. देऊळ केव्हाच पत्र्याचं झालं, तरी नव्या सुनांना दादाचं दार दाखवताना 'देव जाळणाऱ्याचं घर' म्हणतात. म्हणून हे कागद मी गावच्या बैठकीत स्वतः वाचणार आहे. इथे माझा फ्लॅट आहे, चर्चमध्ये मान आहे, पण इथल्या कोणाचं मी काही बिघडवलेलं नाही. तुमचं बिघडवलंय. माझ्यावर चिडायचा हक्क जिथल्या माणसांना आहे, ते माझं घर. तुम्ही काय बोलाल ते उभं राहून ऐकेन. या वेळी एसटी पकडणार नाही.