एका गुडघ्याला निर्गुडी

हाडमोड्या तापातून मी उठलो, पण दोन्ही गुडघे सुजून तट्ट झाले होते. तरणाबांड गडी, अन् पेरणीच्या तोंडावर ओसरीत बसून. आई ओढ्याकाठच्या निर्गुडीचा पाला वाफवून बांधणार, एवढ्यात बीदरच्या दवाखान्याचे डॉक्टर आमच्या कमठाण्यात आले. दोन्ही पाय सारखेच सुजलेला माणूस ते शोधतच होते.

"एका गुडघ्याला निर्गुडी बांधतो, दुसऱ्याला नुसतं पिठाचं गरम पोटीस," ते म्हणाले. "सूज पाल्यानं उतरते का शेकानं, ते बघायचंय."

आई भडकली. "एका पायाला औषध अन् दुसऱ्याला पीठ? माझा लेक हाय का बैल?"

अप्पांना, म्हणजे वडिलांना, वेगळीच शंका. निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. अनोळखी माणूस काही विचारू लागला की गाव दारं लावून घ्यायचं. "आज गुडघा मोजायलाय, उद्या रान मोजंल," अप्पा पुटपुटले. पण सरकारी माणसाला नाही म्हणायची छाती कुणाला होती?

सकाळी डॉक्टर पट्ट्या बांधायचे. मी त्यांच्या बोटांकडे टक लावून बघायचो, पाल्यात कसली पूड तर सरकवत नाहीत ना? संध्याकाळी पट्ट्या सोडून, मला साबणानं पाय धुवायला लावून ते बाहेर जायचे. मग त्यांचा कंपाउंडर येऊन फितीनं गुडघे मोजायचा.

"बांधणार तुम्ही, मोजणार दुसरा. कामून?" अप्पांनी शेवटी विचारलंच.

"कुठल्या पायाला पाला हाय ते कळलं तर त्याचा हात तिकडं झुकंल."

ते गेल्यावर आई म्हणाली, "आपल्याच माणसावर इस्वास न्हाई ह्याचा. अन् आपण ह्याच्यावर ठेवायचा?"

निर्गुडीचा उजवा गुडघा उतरला. मला तो दुमडता येऊ लागला. डावा तसाच फुगलेला. मी हरखलो, पण डॉक्टर म्हणाले, "एका माणसावरून काही ठरत न्हाई. अजून माणसं पायजेत. अन् पाला लई लागंल."

लई पाला! आईच्या मनात पाल चुकचुकली. दारूच्या करासाठी शिंदीच्या झाडांना सरकारनं नंबर ठोकले, तसे आता निर्गुडीलाही ठोकणार. दुसऱ्या दिवशी बायांनी कोयते घेतले आणि ओढ्याकाठची सगळी निर्गुडी बुडापासून छाटली.

डॉक्टर टोपल्या घेऊन आले, तर नुसते बुडखे. "किसको बेचा?" ते ओरडले. कुणी व्यापारी आपल्याआधी येऊन गेला, असंच त्यांना वाटलं.

"शेरडांनी खाल्ली," आई म्हणाली.

"निर्गुडीला शेरडू तोंड लावत न्हाई, अम्मा."

आम्ही इतके दिवस त्यांच्याकडे जसं बघत होतो, तसंच ते आमच्याकडे बघत राहिले. मग टमटममध्ये बसले ते गेलेच.

माझा डावा गुडघा मात्र ठणकतच होता आणि गावात औषधाला पान उरलं नव्हतं. अखेर संतपूरला दिलेली अक्का पोतंभर पाला घेऊन बैलगाडीनं आली. आईनं पोतं घाईघाईनं आत ओढलं आणि लेकीला पाणी द्यायच्या आधी विचारलं,

"वाटंत कुणी इचारलं का, पोत्यात काय हाय म्हणून?"