बरणीतलं शिळं पाणी

लिंबायतमध्ये एप्रिल लागला की पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, तिथे कॉम्प्युटरची काय कथा! वाल्मिक घरी बसून साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करायचा. मोठी फाइल उघडली की आतले पंखे बोंबलायला लागायचे आणि ऐन कामात पडदा काळा. पर्वत पाटियाच्या गुजराती साडीवाल्या महेशभाईचं काम अर्ध्यात लटकायचं.

"ऑफिसे आवी जाव ने, वाल्मिकभाई. एसी छे," हे महेशभाईचं रोजचं पालुपद. माणूस वाईट नव्हता, पण वाल्मिक ऑफिसात जाऊन बसला तर मायजवळ कोण? सुभद्राबाईंना चकरा यायच्या. मागच्या वर्षी मोरीत पडल्या, तेव्हा वाल्मिक घरात होता म्हणून निभावलं. बायको हर्षदा दिवसभर शाळेत शिकवायला. शिरपूरच्या थोरल्या भावाने, रामदासने, तोडून सांगितलं होतं, मायला एकटी ठेवणार असशील तर मी घेऊन जातो. आणि माय तर लिंबायत सोडायचं नावच काढू देत नव्हती. इथे तिचा संसार झाला, इथल्याच बायांशी तिची रोजची भांडणं आणि रोजचे पापड.

म्हणून वाल्मिकने मनावर घेतलं. कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचा, पण घर सोडायचं नाही.

तयार मिळणारा संच त्याने दुकानात पाहिला. त्यातला पाणी गार करणारा रेडिएटर तळहाताएवढा. दुकानदारच म्हणाला, पत्र्याखाली हा काय टिकणार! मग गडी भंगारात शिरला. उधन्याला एका जुन्या मोटारीच्या हीटरचा रेडिएटर सापडला. घेण्याआधी त्याने खिळ्याने त्याचा रंग खरवडून पाहिला, आतून लालसर तांबं दिसलं तेव्हाच पिशवीत टाकला. प्रोसेसरवर बसणारा ठोकळा तांब्याचा, त्याला ॲल्युमिनियम जोडलं तर आतून खात जातं, एवढा अभ्यास त्याने केला होता. रेडिएटरची तोंडं जाड आणि नळ्या बारीक, तर लेथवाल्याकडून पितळेचे जोड कातून आणले. नळ्या आत जायला कॅबिनेटच्या टपाला ग्राइंडरने चीर पाडली. हर्षदा म्हणाली, "एवढ्या मायेने कधी माझ्यासाठी पंखा पुसला नाहीत!"

राहिली पाण्याची टाकी. ती काही मनासारखी मिळेना. शेवटी त्याने स्वयंपाकघरातली मायची मोठी पारदर्शक बरणी उचलली, झाकणाला दोन भोकं पाडून नळ्या ओवल्या, पाणी फिरवायला छोटा पंप जोडला, बॅटरीचं पाणी भरलं आणि बरणी टपावर चिरेशेजारी चिकटवून टाकली.

"आनि हाई काय?" मायने विचारलं.

"पानी फिरस त्यामां. मशीन थंड ऱ्हास," तो म्हणाला. पुढे समजावून सांगायला त्याला सवड कुठे होती? काम तुंबलेलं.

आणि काय सांगू, चाललं! दुपारी पत्रा तापला, फाइल उघडली, पडदा काही मेला नाही. पंखे कुजबुजल्यासारखे. वाल्मिक खुर्चीत मागे रेलून हसला. माय खाटेवरून त्याच्याकडे बघत होती, तिलाही बरं वाटलं. आता शिरपूरचं नाव निघणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू ठेवून तो आंघोळीला गेला. सुभद्राबाई उठल्या. त्यांच्या घरात रोज सकाळी पहिलं काम हेच, कालचं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. माठ झाला, तांब्या झाला. बरणी तर त्यांचीच. त्यात कालचंच पाणी. पोरगा एवढा राबतोय, तेवढाच आपला हातभार, म्हणून त्यांनी झाकण फिरवून उचललं. नळ्यांतलं पाणी घळाघळा खाली आलं आणि त्या चिरेतून सरळ आत गेलं. वरून त्यांनी बोअरच्या पाण्याचा तांब्या ओतला, घाबरून तोही निम्मा सांडला.

वाल्मिक टॉवेल गुंडाळून धावत आला तेव्हा जळका वास सुटला होता. त्याने प्लग ओढला, मशीन पुसलं, पंख्याखाली धरलं. काही उपयोग नाही. आतला मुख्य बोर्ड जळून गेला होता.

"कालनं पानी व्हतं रे भाऊ, म्हनीसन..."

"आते मन्हा कसालेच हात नको लावू!" तो असा ओरडला की शेजारच्या बाया दारात आल्या. आईवर तो असा कधीच ओरडला नव्हता. सुभद्राबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि खाटेवर जाऊन बसल्या. त्याला लाज वाटली, पण रागही जाईना.

संध्याकाळी त्याने महेशभाईला फोन केला, उद्यापासून येतो. दुसरा फोन रामदासला. चूक कुणाची, हे त्याला पुरतं कळत होतं. बरणी त्याने घेतली होती, चीर त्याने पाडली होती आणि आईला दोन वाक्यं सांगायला त्यालाच सवड नव्हती. तरी तो तिच्याजवळ जाऊन बसला नाही.

सकाळी हर्षदा शाळेला निघून गेली होती. आज जाताना मायला शेजाऱ्यांकडे बसवायचं, उद्या रामदास न्यायला येणार, असं ठरलं होतं. वाल्मिकने पिशवी खांद्याला लावली आणि सवयीने म्हणाला, "माय, पानी दे."

सुभद्राबाई माठाजवळ गेल्या आणि झाकणावर हात न ठेवताच थांबल्या.

"हाई कालनं शे," त्या हळूच म्हणाल्या. "फेकू, का राहू दू?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं.

"फेक ना, माय."

त्या तरी हलल्या नाहीत. "आनि नवं भरू का?"